मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये भाच्याची रस्त्यात झडती घेतली, पुढे काय करावं?

माझा भाचा तिकडे एमएस्सी करतोय. मंगळवारी रात्री कामावरून परतताना दोन पोलिसांनी अडवलं, जॅकेट उतरवायला लावलं, बॅग उपसली. काही सापडलं नाही. सोडलं, पण कारण सांगितलं नाही, कागदही दिला नाही. पोरगं तेव्हापासून धास्तावलंय.

तिथल्या १९८४ च्या 'पेस' (पोलीस व फौजदारी पुरावा) कायद्यात कलम १ खाली झडतीला वाजवी संशय लागतो, नुसत्या दिसण्यावरून अडवता येत नाही. नोंदीची प्रत ३ महिन्यांच्या आत मागता येते. मात्र त्या भागात १९९४ च्या वेगळ्या कायद्याच्या (फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायदा) कलम ६० चा आदेश असेल, तर संशयाचीही गरज नसते. तसा आदेश होता का, हे कुठे कळेल? तक्रारीमुळे व्हिसाला त्रास होतो का? तिथल्या कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.