मदत हवी आहे: कामठीजवळ सापडलेली पितळी पट्टी ओळखायची आहे

कामठीजवळच्या आमच्या शेतात मेटल डिटेक्टरने वीतभर खोलीवर लंबगोल पितळी पट्टी मिळाली. ९.५ × ७ सेंमी, जाडी २ मिमी, वजन ८६ ग्रॅम. चुंबक लागत नाही. काठाला पानांची वेल, मधली अक्षरं झिजलेली. पाठ सपाट, म्हणजे ठसा दाबून घडवलेली नसावी. मागे झाळलेल्या दोन कड्या, तिसरीची खूण.

डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश एवढंच वापरलंय. चिंच-लिंबू, पितांबरी सुचवू नका, उरलीसुरली अक्षरंही जातील. तिरप्या टॉर्चमध्ये 'नाग'पुढे काही दिसत नाही. विकायची नाही; जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवलंय.

ही कचेरीतल्या शिपायाची चपरास (पट्ट्यावर लावायचा ओळखीचा बिल्ला), की छावणीतल्या सैनिकाच्या पट्ट्यावरची? कड्यांच्या मांडणीवरून ते ठरवता येतं का?