चांदीच्या साजाची चकमकी पिस्तुले: 'ग्रिफिन अँड टो'ची जोडी घ्यावी का?

लीड्सकर:
नमस्कार. इथे इंग्लंडमध्ये, लीड्सच्या एका लिलावात चांदीच्या साजाच्या चकमकी (गारगोटीच्या ठिणगीने बार पेटणाऱ्या) पिस्तुलांची जोडी विक्रीस येत आहे. ती घ्यावी का, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. कळीच्या (बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर 'ग्रिफिन अँड टो' हे नाव कोरलेले असून मुठीच्या टोकाला चांदीचा विद्रूप मुखवटा आहे. चापाभोवतीच्या कड्यावर चालता सिंह, मुकुटधारी बिबळ्याचे मुख आणि साध्या रोमन वळणाचे लहान 'बी' अक्षर दिसते. यादीत काळ 'सुमारे १७६०' असा दिला आहे. आजवर मी तलवारी आणि कट्यारीच जमवल्या आहेत. ठासणीच्या हत्यारांत मी नवखा आहे.

जुनी_कळ:
यादीतला काळ चुकला आहे, पण त्यामुळे जोडी वाईट ठरत नाही. मुकुटधारी बिबळ्या ही लंडनची खूण. लंडनच्या हॉलमार्कमध्ये तेव्हा वर्षाचे अक्षर 'ए'पासून 'यू'पर्यंत, 'जे' वगळून, वीस वर्षे चाले आणि मग अक्षराचे वळण बदले. १७५६ ते १७७५ या काळातील अक्षरे मोठी आणि गॉथिक वळणाची आहेत, त्यामुळे साधे लहान 'बी' १७६०चे असूच शकत नाही. ते १७३७चे तरी असेल किंवा १७७७चे. आणि जोसेफ ग्रिफिन व जॉन टो यांची भागीदारी १७७०च्या दशकातली असल्याने १७७७ हेच जुळते. कड्यावर राजाचे मुख उमटलेले नाही, हेही योग्यच आहे, कारण ती करमुद्रा डिसेंबर १७८४मध्ये सुरू झाली.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. कळीवरचे नाव बंदूकवाल्याचे असते, चांदी घडवणाऱ्याचे नव्हे. साज बहुधा वेगळ्या सोनाराकडून येई. लंडनचा जॉन किंग हा त्यांतला नावाजलेला. त्यामुळे सिंहाशेजारी आद्याक्षरांचा जो छोटा ठसा असेल, त्याचा जवळून घेतलेला फोटो मागवा. शिवाय नळीवर लंडनच्या बंदूककारांच्या संघाचे, नळी तपासल्याचे दोन ठसे आहेत का, तेही पाहा: मुकुटाखाली 'व्ही' आणि मुकुटाखाली 'जीपी'.

रंजकदाणी:
वरील सल्ला अचूक आहे, पण मी आधी कळ पाहीन. १८२०नंतर अशी असंख्य पिस्तुले टोपीच्या पद्धतीची (गारगोटीऐवजी स्फोटक टोपीवर घाव घालून बार काढणारी) करून घेतली गेली आणि पुढे संग्राहकांची मागणी वाढली तशी पुन्हा चकमकीची केली गेली. मी स्वतः अशाच एका पिस्तुलाला फसलो. चांदी अस्सल होती, पण घरी आणून भिंग लावले तेव्हा रंजकाच्या (पेटवणीच्या दारूच्या) वाटीच्या कडेला जोडाची बारीक रेघ दिसली, आणि नळीच्या बाजूचे बत्तीचे भोक (ज्यातून आग आतल्या दारूपर्यंत पोहोचते ते) बुजवून नव्याने पाडलेले निघाले. गारगोटी जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी तर अगदी कोरी होती. शंभर ठिणग्यांचाही ओरखडा तिच्यावर नव्हता. विकणाऱ्याने यातले काहीच सांगितले नव्हते.

म्हणून प्रत्यक्ष पाहताना कळ उघडून दाखवण्याची विनंती करा आणि दोन्ही पिस्तुलांच्या कळी शेजारी ठेवून झिजेची तुलना करा. जोडी एकत्रच वापरली गेली असेल तर झीजही साधारण सारखीच असायला हवी. लाकडात साज बसवण्यासाठी कोरलेल्या खाचा साजापेक्षा रुंद दिसल्या, तर साज दुसऱ्या पिस्तुलाचा आहे असे समजा.

लीड्सकर:
मनःपूर्वक आभार. ही जोडी पुढे पुण्याला नेता येईल का?

जुनी_कळ:
इंग्लंडमध्ये अशी जोडी शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय बाळगता येते. भारतात मात्र १९५९च्या शस्त्र कायद्यातील सूट जुन्या हत्याराला तेव्हाच मिळते, जेव्हा ते दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येत नाही. तुमची जोडी चालती असेल, आणि तशीच असावी अशी इच्छा आहे, तर ती इंग्लंडमध्येच ठेवलेली बरी.

लीड्सकर:
समजले. शनिवारी पाहायला जातो आहे. भिंग सोबत घेतले आहे. कळ उघडून दाखवण्यास नकार मिळाला, तर बोली लावणार नाही.