मदत हवी आहे: आंबोलीसाठी मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश

जुलैत आंबोलीला जायचंय. बेडूक, कोळी आणि नशिबात असेल तर मलबार चापडा हा विषारी साप! कॅमेरा कॅननचा, क्रॉप (लहान) सेन्सरवाला. ६० मिमी मॅक्रो खिशाला परवडते, पण १:१ ला (म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा येईल इतकं जवळून) किड्याच्या अंगावरच जावं लागतं, आणि चापड्याच्या तोंडाशी जायची माझी अजिबात इच्छा नाही. म्हणून जरा लांबून काम भागवणाऱ्या १०० मिमीकडे कल आहे. सेकंडहँड घ्यावी का?

खरा घोळ फ्लॅशचा. लेन्सभोवती बसणाऱ्या रिंग फ्लॅशने उजेड सपाट पडतो, वर बेडकाच्या ओल्या डोळ्यात बांगडी उमटते. ट्विन फ्लॅश (लेन्सच्या दोन बाजूंना दोन दिवे) महाग. एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र इतकं बारीक ठेवल्यावर, रात्री फ्लॅशशिवाय भागत नाही. जुन्या स्पीडलाइटला (कॅमेऱ्यावर बसणारा साधा फ्लॅश) उजेड मऊ करणारा घरगुती डिफ्यूझर लावून कोणी काम केलंय का? कागद की फोम? आणि तिथल्या धो धो पावसात तो टिकवता कसा?