मदत हवी आहे: मुलाला घड्याळ मागं-पुढं करणं कसं समजवायचं?

रंकाळ्याची_लेक:
कुणीतरी लवकर सांगा. दर रविवारी साडेसातला चिरंजिवांचा मामेभावाशी व्हिडिओ कॉल असतो. परवा कुणी उचललाच नाही. नंतर वहिनी म्हणाली, "अगं, आमची घड्याळं तासभर मागं गेली, झोपलो होतो." झालं! पोरानं हॉलमधलं घड्याळ गुपचूप तासभर मागं केलं. मी त्याच घड्याळावर चालते, सोमवारी शाळेची रिक्षा गेली निघून. वर विचारतोय, त्यांना चालतंय तर आपल्याला का नाही?

तांबडा_पांढरा:
साडेसात सकाळचे की संध्याकाळचे? भाऊ कुठल्या देशात? पोरगं केवढं?

गल्लीतले_गुरुजी:
सोपं आहे. अंधारात चेंडूवर टॉर्च मारा नि चेंडू फिरवा. आमच्या नातीला पाच मिनिटांत कळलं.

तांबडा_पांढरा:
गुरुजी, त्यानं दिवस-रात्र कळते. घड्याळ का फिरवलं ते कुठं कळतंय?

रंकाळ्याची_लेक:
संध्याकाळचे हो! न्यू जर्सी. दुसरीत आहे. टॉर्च करून झाला, सेल संपले.

हिशेबी_माणूस:
अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं. साडेनऊ तासांचा फरक आता साडेदहा झाला. कॉल साडेआठला लावा.

रंकाळ्याची_लेक:
ते वहिनीनं सांगितलंय. पोराला काय सांगू?

बिंदू_चौक:
उन्हाळ्यात त्याची शाळा सकाळची होते ना? तेच सांगा. तिकडं उन्हाळ्यात फार लवकर उजाडतं, माणसं झोपलेली, उजेड वाया. मग प्रत्येक शाळेची, ऑफिसची वेळ बदलत बसण्यापेक्षा सगळे घड्याळच पुढं करतात. थंडीत परत जागेवर. न्यू जर्सीत सगळ्यात मोठ्या नि सगळ्यात लहान दिवसात जवळपास सहा तासांचा फरक, आपल्याकडं दोनच्या आसपास. आपल्याला कशाला तो खटाटोप?

गल्लीतले_गुरुजी:
सकाळची शाळा उन्हाच्या तडाख्यामुळं असते, उजेडासाठी नाही. पोराला चुकीचं शिकवू नका. आणि दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडंही घड्याळं तासभर पुढं केली होती.

बिंदू_चौक:
कारण वेगळं गुरुजी, युक्ती तीच.

शाहूपुरीकर:
विषय निघालाच आहे तर, अंबाबाईच्या मूर्तीवर सूर्यकिरणं पडतात तो किरणोत्सव ९ तारखेपासूनच ना? किती वाजता पोचावं?

तांबडा_पांढरा:
मावळतीची किरणं ती. सूर्य काय तुझं घड्याळ बघून येतोय होय? आधीच जाऊन थांब.

रंकाळ्याची_लेक:
सकाळच्या शाळेचं पटलं त्याला. आता म्हणतोय, थंडीत आपली शाळापण तासभर उशिरा भरवायला सांग. हॉलमधलं घड्याळ वर टांगलंय.