धागा : कळणा सोडून ओट्स खायचे म्हणे!

तापीकाठ :
परवा 'निरोगी जळगावकर' यांनी इथे रोजच्या आहाराच्या सात टिपा टाकल्या. सकाळी ओट्स, दुपारी किन्व्याची खिचडी, केळी वर्ज्य, आणि शेवटी, 'खान्देशी जेवण म्हणजे तेल-तिखट, ते सणापुरतं ठेवा.' वाचत होतो तेव्हा ताटात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता.

साहेब, ज्वारीत अख्खे उडीद सालासकट दळून कळण्याचं पीठ करायचं हे आमच्या आजीला कुठल्या डाएटवाल्यानं शिकवलं नव्हतं. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी, उडदात भरपूर. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. १०० ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम प्रथिनं आहेत, किन्व्यात चौदाएक. त्या चार ग्रॅमसाठी दक्षिण अमेरिकेतलं धान्य मागवू? २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष जाहीर झालं तेव्हा मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटं आली. आमच्याकडे त्याही वर्षी भाकरीच होती.

निरोगी जळगावकर :
भाकरी सोडा असं मी कुठे लिहिलंय? दाखवा. आणि खरं बोला, ढाब्यावर गर्दी कळण्यासाठी होते की शेवभाजीसाठी? आधी बेसन तळायचं, मग ते तर्रीत बुडवायचं. माझ्या वडिलांची ५२व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. ओट्समधल्या बीटा ग्लुकॅन या तंतुमय पदार्थानं कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हे तपासलेलं आहे. म्हणून लिहिलं. मलाही त्या लगद्याची हौस नाही.

अमळनेरची वहिनी :
दोघेही तेलावरच अडकलात. मिठाचं काय? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा. आता आपलं ताट बघा : पापड, लोणचं, ठेचा, वर शेव. पापडखारातही सोडियमच असतं, ते कोणी मोजत नाही. सासूबाईंची बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा मी पापड अर्धा केला, तर आठ दिवस अबोला!

केळीबाग रावेर :
केळी वर्ज्य कोणत्या आनंदात, ते आधी सांगा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि जळगावचाच माणूस लिहितो खाऊ नका. इकडे बोर्डावर एक भाव लागतो, व्यापारी बांधावर येऊन त्याच्याखाली मागतो. वादळ आलं की बाग आडवी, थंडी पडली की घड भरत नाही. वरून तुमच्या टिपा.

धुळेकर :
भाऊ, भावाचं दुःख कळतं, पण कार्बाइड लावून पिकवलेलं केळं पोरांना कसं देऊ?

केळीबाग रावेर :
काय बोली राहिना भो तू! आम्ही हिरवा घड कापून देतो, पिकवणारा दुसराच. आणि कार्बाइडला बंदी आहे. चालतो तो इथिलीन वायू, १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर. पिकताना केळं स्वतःही तोच सोडतं. घरी तांदळाच्या डब्यात केळी ठेवतोस ना, तिथे दुसरं काय होतं?

धुळेकर :
बंदी गुटख्यालाही आहे. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बघ.

केळीबाग रावेर :
मग टपरीवाल्याशी भांड, माझ्या बागेशी कशाला?

अमळनेरची वहिनी :
दोघं थांबा जरा. सासूबाईंना साखरही आहे. त्यांच्या डॉक्टरांनी अर्धं केळं चालेल म्हटलं, नुकतं पिवळं झालेलं. हिरवटपणा असतो तोवर पचायला जड स्टार्च जास्त, पिकत जातं तशी त्याची साखर होते. काळ्या ठिपक्यांचं त्यांना देत नाही, त्याचं शिकरण पोरांना. मधुमेह नसलेल्या माणसानं सरसकट बंद करायचं कारण मला तरी सापडलं नाही.

निरोगी जळगावकर :
बरं बाबा. केळ्याचा मुद्दा 'मधुमेह असेल तर विचारून खा' असा बदलतो. रावेरकर, ट्रॅक्टर घेऊन दारात येऊ नका.

तापीकाठ :
आणि भरीत? तेही तेल-तिखटातच घातलंत ना? वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, यात तेल कुठे आलं?

निरोगी जळगावकर :
फोडणीत आलं. मागच्या हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला माझ्यासमोर पातेल्यात पाऊण किलो तेल ओतलं, तेव्हा तुमच्यासारखेच लोक टाळ्या वाजवत होते.

तापीकाठ :
पार्टीचं सोडा. पार्टीत कोण मोजतं? घरी दोन पळ्या होतात. ...तीन. तेलाचं मान्य, पण किन्वा नाही म्हणजे नाही.

धुळेकर :
कळण्याचं प्रमाण कोणी टाकेल का? बायको विचारतेय.

तापीकाठ :
चार वाट्या ज्वारी, एक वाटी अख्खे उडीद, थोडं मीठ. गिरणीत आधी कोणाचे गहू दळले ते बघून घे.

अमळनेरची वहिनी :
पिठात मीठ नको! ठेच्यात काय कमी असतं? आणि चारास एक कुठलं, आमच्याकडे तीनास एक, वर चिमूटभर मेथ्या.

केळीबाग रावेर :
मेथ्या? वहिनी, तो कळणा आहे की काढा?