‘सोसायटी: फक्त महत्त्वाचे’ ग्रुप, शनिवारची रात्र

मेघना बी-२०४: ठमीला कुणीतरी विष घातलंय. मीटर रूमच्या मागे पडलीय, सगळं अंग उडतंय. ज्यांना मांजरं डोळ्यांत खुपत होती त्यांनी आता पेढे वाटावेत.

मेघना बी-२०४: सावंत साहेब, कालपासूनचं पार्किंगचं सीसीटीव्ही फुटेज ग्रुपवर टाका.

पानसे काका ए-१०१: ‘ज्यांना’ म्हणजे कोणाला? नाव घेऊन बोला.

मेघना बी-२०४: मी कुणाचं नाव घेतलेलं नाही काका. ज्याला लागायचं त्याला लागलं.

पानसे काका ए-१०१: नमस्कार. पार्किंगमध्ये प्राण्यांना खायला घालू नये असा मागच्या एजीएमचा ठराव आहे. मिनिट्सचा फोटो पुन्हा टाकत आहे. 🙏

मेघना बी-२०४: २०२३ चे एबीसी, म्हणजे प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम वाचा. खायला घालायची जागा सोसायटीनंच नेमून द्यायची असते. आणि विष घालणं म्हणजे भारतीय न्याय संहिता कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद. फुटेज टाका.

कदम सी-१०३: आधी मांजर बघा, मग कलमं.

जोशी काकू सी-३०२: मेघना, थोडं दूध पाज गं तिला. विष उतरतं.

ऋता (जोशी): आई, नको!! तोंडातून काहीही देऊ नका, फुप्फुसात जाईल. मेघनाताई, व्हिडिओ टाक.

मेघना बी-२०४: [व्हिडिओ]

सावंत सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती, शांतता राखावी. ऋता शिरवळला व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती सांगेल तसं करा.

ऋता (जोशी): कान फडफडतायत, पंजे झटकतेय, अंगभर थरथर. उंदराचा केक असा नसतो, त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि रक्त जातं. ताई, मानेवर, दोन खांद्यांच्या मध्ये हात लावून बघ. हातमोजे घालून.

मेघना बी-२०४: तेलकट आहे. केस चिकटून काटे झालेत. रॉकेलसारखा काहीतरी वास येतोय.

ऋता (जोशी): गोचीडाचे थेंब आहेत ते. कुत्र्याचे.

मेघना बी-२०४: रविवारी आम्ही शेरूला लावले होते. फक्त शेरूला. ठमी त्याच्या पोटाशी झोपते, त्याचं लागलं असेल.

ऋता (जोशी): तसंही होतं, म्हणून लावल्यावर तीन दिवस तरी मांजर लांब ठेवायचं. पण आज शनिवार आहे. आणि घासून लागलं तर कुशीला लागेल, बरोब्बर मानेच्या मधोमध कसं लागेल? ते नंतर. आधी धुवा. कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड, मानेपासून खाली. गरम पाणी नको, कातडीतून आणखी आत जातं. गारही नको, अंग थंड पडलं की थरथर वाढते. मग टॉवेलात गुंडाळून सरळ दवाखाना.

कदम सी-१०३: गाडी काढतो. मेघना, गेटला ये.

मेघना बी-२०४: थँक्यू. सावंत साहेब, फुटेज.

पानसे काका ए-१०१: म्हणजे विष कुणी घातलेलंच नाही. मग पेढे कोणी वाटायचे?

जोशी काकू सी-३०२: पण ऋता, तसल्या बाटलीवर शेवंतीचं फूल असतं गं. हर्बल असतं ना ते?

ऋता (जोशी): शेवंतीच्या कुळातल्या फुलातच ते मूळ द्रव्य असतं आई. पर्मेथ्रिन ही त्याची कारखान्यातली नक्कल. कुत्र्याला पचतं. मांजराचं लिव्हर ते फोडू शकत नाही, एन्झाइमच तोकडं. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं ते ह्याच कारणानं. कुत्र्याच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन ४५-५० टक्के असतं. पाकिटावर मांजराच्या चित्रावर फुली असते, पण पाकीट आधी फेकतात आणि पिपेट ठेवतात.

अनघा डी-२०२: बाई गं. आमच्या सशाला पिसवा झाल्यात, मांजराचा फिप्रोनिल स्प्रे आणलाय. मांजराला चालतो म्हणजे सशाला चालेल ना?

ऋता (जोशी): नाही! मांजराला चालतो, सशाचा जीव जातो. बाटली बंद करून ठेव, उद्या सांगते काय आणायचं.

पानसे काका ए-१०१: नमस्कार. पार्किंगमध्ये प्राण्यांना खायला घालू नये असा ठराव आहे. फोटो पुन्हा टाकत आहे.

कदम सी-१०३: काका, गाडी चालवतोय. फोन सारखा वाजतोय.

डिसोझा अंकल ए-४०१: गाडी चालवताना टायपू नको रे कदम.

निखिल डी-५०३: विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. ब्रूनोलाही गोचीड झालेत. कोविडमधल्या आयव्हरमेक्टिनच्या १२ च्या गोळ्या पडून आहेत. एक दिली तर? गावाला बैलांना ह्याचंच इंजेक्शन देतात.

डिसोझा अंकल ए-४०१: २०२१ मध्ये आमच्या गोव्यात सरकार अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना वाटणार होतं ते. ब्रूनो अठराचा झाला काय?

ऋता (जोशी): निखिलदादा, अजिबात नको. ब्रूनो कोली जातीचा कुत्रा आहे. बऱ्याच कोलींच्या एमडीआर१ जनुकात बिघाड असतो. औषध मेंदूबाहेर ढकलणारा पंपच चालत नाही. दुसऱ्या कुत्र्याला जे खपतं त्यात कोली कोमात जातो. वजन किती त्याचं?

निखिल डी-५०३: २४. पण ह्या औषधाला नोबेल मिळालंय ना?

डिसोझा अंकल ए-४०१: २०१५ ला. कमिटीत कोली नव्हता.

ऋता (जोशी): १२ मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम. हार्टवर्मच्या, म्हणजे हृदयातल्या जंताच्या, महिन्याच्या गोळीत किलोमागे ६ असतं. ह्या कोलींना १०० च्या आसपासच त्रास सुरू होतो. बैलाचं इंजेक्शनही नको, मिलीला १० मिलिग्रॅम असतं, सिरिंज जरा पुढे गेली की संपलं.

मेघना बी-२०४: अ‍ॅडमिट केलं. स्नायू सैल करायचं इंजेक्शन चालू आहे, मेथोकार्बामॉल. उतारा असा नसतोच म्हणे. दोन-तीन दिवस थरथर राहील, ताप बघत राहणार. डॉक्टर म्हणाले धुतलं ते बरं केलं. बिलाचं कॉन्ट्रिब्युशन कुणाला द्यायचं असेल तर पर्सनलवर सांगा.

सावंत सेक्रेटरी: फुटेज काढायला सांगितलं आहे. काल संध्याकाळी साडेसहाला मीटर रूमजवळ आपल्या फीडिंग टीमपैकी दोघं दिसत आहेत. क्लिप टाकू का?

मेघना बी-२०४: हा मेसेज डिलीट केला आहे

मेघना बी-२०४: आता फुटेजची तशी गरज नाही साहेब. कुणी केलं असेल तर चांगल्या हेतूनंच केलं असणार.

पानसे काका ए-१०१: नमस्कार. फुटेज ग्रुपवर टाकावे. 🙏

कदम सी-१०३: काका, दवाखान्यात बसलोय. उद्या.

पानसे काका ए-१०१: फुटेज ग्रुपवर टाकावे. ‘ज्यांना’ कोण ते सगळ्यांना कळू दे. आणि बिलाचे माझे पाचशे लिहून घ्या, मांजराशी माझं वैर नाही.

निखिल डी-५०३: गोळ्या टाकून दिल्या.

सावंत सेक्रेटरी: कुठल्या डब्यात?

निखिल डी-५०३: सुक्या.

सावंत सेक्रेटरी: औषधं घरगुती घातक कचऱ्यात, वेगळ्या पिशवीत द्यायची असतात. नोटीस बोर्डावर जूनपासून लावलंय. काढून घ्या.

निखिल डी-५०३: आत्ता? रात्री साडेअकराला?

पानसे काका ए-१०१: शेरू डबे उचकतो. आत्ताच.