सीरम (पेशींना वाढीचा निरोप देणारा रक्तातला द्रव भाग) ४ तासांनी काढलं तर पेशी विभाजनाआधी थांबतात, १२ तासांनी काढलं तर थांबत नाहीत. असं का?

थ्रीटीथ्री_वाली: एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करतेय, एनआयएच ३टी३ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवतात ते उंदराचे फायब्रोब्लास्ट). २४ तास ०.५ टक्के सीरमवर उपाशी ठेवल्या, मग १० टक्के सीरम दिलं. एका प्लेटमधून ते ४ तासांनी काढलं, दुसरीतून १२ तासांनी. दुसऱ्या दिवशी ईडीयूने (नवा डीएनए बनवणाऱ्या पेशींची केंद्रकं चमकवणारं रसायन) पाहिलं तर पहिलीत चमकणारी केंद्रकं अगदी तुरळक, दुसरीत भरपूर. पण सीरम दिल्यावर १० मिनिटांत फॉस्फो-ईआरकेची (वाढीचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या ईआरके प्रथिनाचं चालू झालेलं रूप) ठसठशीत पट्टी आली होती. म्हणजे निरोप पोचला होता ना? मग पेशी अडल्या कुठे?

जुना_फायब्रोब्लास्ट: प्रयोग उत्तम केलायस. निरोप पोचला, पण तो एकदा पोचून भागत नाही, तासन्‌तास येत राहावा लागतो. १० मिनिटांची ती पट्टी पहिली उसळी. पुढे सीरम असेपर्यंत ईआरके कमी पातळीवर चालू राहतं आणि त्याच्या जोरावर सायक्लिन डी बनत राहतं. हे प्रथिन फार अल्पायुषी, अर्ध्या तासात निम्मं संपतं. बुडाला भोक असलेली घागर नळाखाली धरल्यासारखं आहे. तू ४ तासांनी नळ बंद केलास.

घागर भरलेली राहिली तर सायक्लिन डी आणि सीडीके-४ हे एन्झाइम मिळून आरबी या प्रथिनावर फॉस्फेट चढवायला लागतात. आरबीने ई२एफला (विभाजनाची जनुकं चालू करणारं प्रथिन) धरून ठेवलेलं असतं. पकड सैल झाली की ई२एफ सायक्लिन ई बनवतं, ते सीडीके-२ला घेऊन आरबीवर आणखी फॉस्फेट चढवतं, आणखी ई२एफ सुटतं. हे चक्र फिरलं की सीरमची गरज संपते. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये याच टप्प्याला रिस्ट्रिक्शन पॉइंट म्हटलं. तुझ्या १२ तासांच्या प्लेटमधल्या बऱ्याच पेशी तो ओलांडून गेल्या होत्या.

आता ०, ४, ८, १२ तासांचे नमुने घेऊन आरबीचा ब्लॉट (प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून पट्ट्या पाहण्याची चाचणी) कर. फॉस्फेट चढलेलं आरबी जेलमध्ये मागे रेंगाळतं, पट्टी वर दिसते. जेल ८ टक्क्यांचं घे, नाहीतर दोन्ही पट्ट्या एकात एक मिसळतील. सीरम काढताना कोमट, सीरम नसलेल्या मीडियमने दोनदा धू. आणि प्लेट दाट भरू नकोस, खेटून बसलेल्या पेशी सीरम असूनही थांबतात.

थ्रीटीथ्री_वाली: खूप आभार, सर! मग १२ तासांनंतर मेक (ईआरकेला चालू करणारं एन्झाइम) रोखणारं यू०१२६ घातलं तरी पेशी पुढे जातील?

जुना_फायब्रोब्लास्ट: ज्यांनी टप्पा ओलांडलाय त्या जातील. सुरुवातीलाच घातलंस तर मात्र अडतील. दोन्ही करून बघ, हाच तुझा सगळ्यात भक्कम पुरावा ठरेल.

ऑन्को_रेसिडेंट: आमच्या वॉर्डात हे रोज कामाला येतं. स्तनाच्या कर्करोगात देतात ते पाल्बोसायक्लिब सीडीके-४ आणि ६लाच रोखतं, अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. पण गाठीतल्या पेशींनी आरबीच गमावलं असेल तर ते चालत नाही. ई२एफला धरून ठेवणारंच कुणी उरलेलं नसतं.

थ्रीटीथ्री_वाली: हे डोक्यात आलंच नव्हतं! आज रात्री पेशी उपाशी ठेवते. ब्लॉट झाला की इथेच टाकते.